दोन तलावांच्या कार्बनचा जमाखर्च : प्रकल्प नोंदी

१२ जून २०२४

प्रकल्पाची चौकट आज ठरली. तलावात येणारा कार्बन कोणाकोणाच्या तोंडून जातो, त्यातला किती हवेत परततो, किती गाळात राहतो आणि गाळात राहिलेला तिथे किती काळ टिकतो, असा आमचा प्रश्न आहे. यातला शेवटचा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या भागांवर जगभर पुष्कळ काम झालेले आहे. पण ते बहुतांशी अशा सरोवरांवरचे, जिथला तळ हजारो वर्षे कोणी हलवलेला नाही. आपल्याकडच्या गावतलावांचा गाळ दर काही वर्षांनी उपसून नेला जातो, त्यामुळे तिकडचे हिशेब इकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दोन तलाव निवडले आहेत. एक बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातला, ज्याच्या पाणलोटात रान आणि भातशेती आहे. दुसरा निपाणी भागातला, ज्याच्या तिन्ही बाजूंना ऊस आहे. नोंदींत त्यांना अनुक्रमे रानतलाव आणि ऊसतलाव असे म्हणू.

ही निवड विचारपूर्वक केली आहे. निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ हा थोडा जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) असतो आणि वनस्पती तो किती प्रमाणात आत घेतात हे त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाच्या मार्गावर अवलंबून असते. रानातली झाडे आणि भात हे सी-३ मार्गाचे, म्हणजे प्रकाशसंश्लेषणात आधी तीन कार्बन-अणूंचा पदार्थ बनवणारे. व्हिएन्ना पीडीबी या प्रमाण पदार्थाच्या तुलनेत कार्बन-१३ किती कमी वा जास्त हे सांगणारा त्यांचा आकडा सरासरी दर हजारी उणे २७ च्या आसपास येतो. ऊस, मका आणि जोंधळा सी-४ मार्गाचे, म्हणजे आधी चार कार्बन-अणूंचा पदार्थ बनवणारे. त्यांचा आकडा उणे १३ च्या आसपास असतो. एवढे अंतर असल्यामुळे माशाच्या स्नायूत उसाचा कार्बन पोहोचला की नाही, हे तत्त्वतः ओळखता येते. निपाणीची तंबाखू मात्र सी-३ गटातली आहे, तेव्हा ऊसतलावात तिचा हिशेब वेगळा ठेवावा लागेल.

४ जुलै

रानतलावाला येऊन मिळणाऱ्या ओढ्याचे पाणी पहिल्या मोठ्या पावसानंतर घेतले. जांभ्याच्या मातीने ते विटकरी लाल झालेले होते. पाण्याचा गढूळपणा पाहण्याची काळी-पांढरी सेक्की तबकडी दोरीने सोडली तर वीतभर खाली जाताच दिसेनाशी झाली. इतक्या गढूळ पाण्यात उजेड खोल जात नाही आणि वनस्पती प्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला) फारसे काम करता येत नाही, त्यामुळे या दिवसांत तलाव चालतो तो मुख्यतः बाहेरून आलेल्या पानापाचोळ्यावर.

जांभ्यातले लोह इथे दुहेरी काम करते. लोहाच्या ऑक्साइडांना सेंद्रिय कार्बन घट्ट चिकटतो आणि जीवाणूंच्या हाती सहजासहजी लागत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मुख्यतः समुद्रतळाच्या गाळातला साधारण एक-पंचमांश सेंद्रिय कार्बन अशा लोहाशी बांधलेला आढळला होता. पण तळाशी ऑक्सिजन संपला की हेच लोह क्षपण होऊन, म्हणजे ऑक्सिजन गमावून, विरघळते आणि धरून ठेवलेला कार्बन सोडून देते. त्यामुळे रानतलावात तळाचा ऑक्सिजन पाहिल्याशिवाय गाळाबद्दल काहीही बोलता येणार नाही.

२६ जुलै

संततधार. नमुने घेतले नाहीत. दोन्ही तलाव सांडव्यावरून वाहत आहेत, एवढेच फोनवरून कळले.

१० ऑगस्ट

पावसात अडकलेल्या दिवसांत मागचे काम पुन्हा वाचून काढले. विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात लिहून ठेवते.

तलावाकडे ऊर्जेच्या व्यवहारातून पाहण्याची रीत रेमंड लिंडेमन या अमेरिकी संशोधकाने १९४२ च्या निबंधात घालून दिली. मिनेसोटातील एका लहानशा तलावाच्या अभ्यासातून त्याने प्रत्येक अन्नपातळीवर ऊर्जेचा मोठा भाग श्वसनात खर्च होतो हे मांडले. तो निबंध छापून येण्याआधीच, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. पुढे १९९४ मध्ये जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या १८३५ तलावांची आकडेवारी तपासली, तेव्हा ८७ टक्के तलावांच्या पृष्ठभागाच्या पाण्यात हवेच्या समतोलापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड निघाला. म्हणजे बहुसंख्य तलाव स्वतः तयार करतात त्याहून अधिक कार्बन जाळतात, आणि हा जादा कार्बन जमिनीवरून येतो. २००७ मध्ये याच गटाने जागतिक हिशेब मांडला : दरवर्षी सुमारे १.९ अब्ज टन कार्बन जमिनीवरून नद्या-तलावांत येतो, त्यातला सुमारे ०.९ अब्ज टन समुद्राला मिळतो, किमान ०.८ अब्ज टन हवेत जातो आणि ०.२ अब्ज टन गाळात गाडला जातो.

त्यातही १९९७ चा एक प्रयोग आमच्या कामाला सर्वांत जवळचा आहे. अमेरिकेतील काही लहान तलावांत पोषकद्रव्ये घालून आणि माशांची रचना वेगवेगळी ठेवून पाहिले असता, शिकारी मासे असलेल्या तलावांत लहान मासे कमी झाले, त्यामुळे प्राणी प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) वाढले, त्यांनी शेवाळ खाऊन टाकले आणि तलाव कार्बन हवेत सोडत राहिला; लहान मासे भरपूर असलेल्या तलावांत शेवाळ माजले आणि तलाव हवेतून कार्बन ओढू लागला. कोणता मासा सोडायचा हा निर्णय कार्बनचाही निर्णय असतो, हे तिथे थेट दिसले. मात्र तिथला मुख्य चरणारा प्राणी म्हणजे मोठी डॅफ्निया (पाणपिसू), आणि उष्ण प्रदेशातल्या मासेभरल्या तलावांत ती क्वचितच टिकते. आपल्याकडे तिच्या जागी मोइना, डायफॅनोसोमा, सायक्लॉप्स आणि रोटिफर असे लहान जीव असतात, आणि त्यांना शेवाळाला तसा धाक बसवता येत नाही. म्हणून हा निष्कर्ष इथे उसना घेण्यापेक्षा पडताळून पाहावा, असे माझे मत आहे.

११ सप्टेंबर

गणेशोत्सव चालू आहे. ऊसतलावात घरगुती मूर्तींचे विसर्जन झालेले आहे. निर्माल्य ग्रामपंचायतीने बऱ्यापैकी बाजूला काढले आहे, त्यामुळे सेंद्रिय भार वाटला होता तेवढा नाही. मात्र प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती म्हणजे रसायनाच्या भाषेत कॅल्शियम सल्फेट, आणि सल्फेटचा कार्बनशी संबंध आहे. तळाच्या ऑक्सिजनविरहित गाळात सल्फेट उपलब्ध असेल तर सल्फेट वापरणारे जीवाणू हायड्रोजन आणि ॲसिटेट यांवर आधी ताबा मिळवतात आणि मिथेन तयार करणाऱ्यांना खाद्य उरत नाही. मूर्तींतले सल्फेट एवढ्या पाण्यात मोजण्याजोगा फरक करते का, हे पाहायला विसर्जनाच्या घाटाजवळ आणि दूर अशा दोन ठिकाणी गाळाच्या लगतचे पाणी बाटल्यांत भरून घेतले. प्लास्टरच्या मूर्तींचा पुरस्कार करण्याचा यात हेतू नाही, हे सांगून ठेवलेले बरे. त्यांचे इतर दुष्परिणाम सर्वांना ठाऊक आहेत.

६ ऑक्टोबर

ऊसतलावावर दिवस-रात्र ऑक्सिजनची मोजणी केली. उपकरणाचा भरवसा वाटेना म्हणून जुन्या विंकलर पद्धतीचा आधार घेतला. ही पद्धत १८८८ सालची आहे आणि अजून तिला तोड नाही. बाटली पाण्याखाली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग मँगनीज सल्फेट आणि क्षारीय आयोडाइड पिपेटचे टोक पाण्याखाली नेऊन सोडायचे. दुपारच्या बाटलीत लगेच दाट तपकिरी साका खाली बसू लागला. पहाटे तळाजवळून घेतलेल्या बाटलीतला साका जवळजवळ पांढराच राहिला. साका जितका तपकिरी तितका ऑक्सिजन जास्त. टायट्रेशन करण्याआधीच उत्तर डोळ्यांना दिसत होते. रानतलावातल्या पाण्यासाठी मात्र फेरिक लोहाचा अडथळा टाळायला पोटॅशियम फ्लोराइड घालावे लागते, तर ऊसतलावात खताच्या नायट्राइटसाठी सोडियम अझाइड.

बांधावर बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्यांनी बराच वेळ पाहून विचारले, “पाण्याचं वजन करालायसा व्हय, मॅडम?” मग त्यांनीच सांगितले की, उन्हाळ्यात ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा गिळतात, आणि त्या वेळी पांढऱ्या बगळ्यांची गर्दी होते. आमच्या बाटल्यांनी सांगितले ते हेच : दिवसा शेवाळ कार्बन बांधते, रात्री त्या शेवाळासकट सगळे जीव तो जाळतात, आणि जाळण्याचा वेग बांधण्याच्या वेगाला जवळजवळ गाठतो. उथळ तलावाचे पाणी दुपारी थरांत विभागते आणि रात्री गार होऊन पुन्हा ढवळले जाते, म्हणून फक्त दुपारी मोजणाऱ्याला हा तलाव कार्बन साठवणारा वाटेल. चोवीस तासांची मोजणी नसेल तर अशा तलावाचा कोणताही आकडा मी मान्य करणार नाही.

१८ नोव्हेंबर

ऊस कारखान्यांचा हंगाम सुरू झाला असून रस्त्यांवर ट्रॅक्टरांच्या रांगा आहेत. मासेमारीचा ठेका असलेल्या मामांनी थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळे टाकून दिले आणि प्रत्येक जातीचे थोडे मासे आम्हांला वेगळे काढून दिले : कटला, रोहू, मृगळ, तिलापिया आणि दोन चांगल्या मरळ. पाठीच्या कण्यालगतचा, कातडी काढलेला पांढरा स्नायू तेवढा घेतला. चरबीत कार्बन-१३ कमी असतो, त्यामुळे चरबीचा अंश राहिला तर माशाने वेगळेच काही खाल्ले असे चुकीचे चित्र दिसते. स्नायूतला कार्बन काही महिन्यांत बदलतो, म्हणून या नमुन्यांत पावसाळ्याचे आणि त्याआधीचे खाणे एकत्र उतरलेले असणार.

या तीन देशी कार्पांची वाटणी आमच्या दृष्टीने फार उपयोगी आहे. कटला वरच्या थरात प्राणी प्लवक गाळून खाते, रोहू मधल्या थरात वावरते आणि मृगळ तळाशी गाळातला सडका भाग व त्यातले जीव खाते. एकाच तलावात, एकाच वयाचे, तीन वेगवेगळ्या मजल्यांवर जेवणारे मासे. अन्नजाळ्याचे कोणते टोक कशावर चालते हे त्यांच्याकडूनच कळेल. कार्बनचा आकडा एका पातळीवरून वरच्या पातळीवर जाताना दर हजारी एकाहूनही कमीच बदलतो, म्हणून तो खाद्याचा उगम सांगतो. नायट्रोजन-१५ या नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचा आकडा मात्र पातळीमागे सुमारे ३.४ ने वाढतो, म्हणून तो पायरी सांगतो.

१२ डिसेंबर

एक गुंतागुंत लक्षात घ्यावी लागेल. ऊसतलावावर रोज म्हशी धुतात आणि त्यांचे मुख्य खाद्य या दिवसांत उसाचे वाडे असते. त्यामुळे माशात दिसलेला सी-४ कार्बन शेतातून वाहून आलेल्या पाचटाचा की शेणातून आलेला, हे कार्बनच्या आकड्यावरून कळणार नाही. त्यासाठी नायट्रोजनचा आधार घ्यावा लागेल. रानतलावाकडेही हा प्रश्न आहेच, कारण उघड्या माळावर उगवणारे आपल्याकडचे बरेचसे गवत सी-४ मार्गाचे असते आणि तिथली गुरे तेच चरतात. पाणलोटात ऊस नाही म्हणून सी-४ नाही, असे धरून चालता येत नाही. शेण, वाडे, पाचट, गवत आणि भाताचा पेंढा यांचे स्वतंत्र नमुने वाळवून, दळून ठेवले आहेत.

२० फेब्रुवारी २०२५

समस्थानिकांचे पहिले निकाल हाती आले. नमुने कमी आहेत, म्हणून आकडे इथे देत नाही. दिशा तेवढी नोंदवते.

ऊसतलावात मृगळ स्पष्टपणे सी-४ च्या बाजूला सरकलेले आहे, कटला त्या मानाने कमी सरकलेले आहे आणि तिलापिया दोहोंच्या मध्ये आहे. म्हणजे उसाचा कार्बन तळातून, सडक्या भागाच्या वाटेने माशांत शिरतो. वरचे प्लवक मात्र बऱ्याच अंशी स्वतःच्या बळावर चालतात. मरळ नायट्रोजनच्या हिशेबाने एक पायरी वर आहे आणि तिच्यात तळ व पृष्ठभाग या दोन्हींचे मिश्रण आहे. रानतलावात कटला खुद्द पानांपेक्षाही अधिक उणे निघाले. याचे कारण बहुधा असे की, जीवाणूंनी पाचोळा जाळून सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथले शेवाळ पुन्हा वापरते आणि वापरताना हलका कार्बन आणखी निवडून घेते. पाचोळ्याचा कार्बन एकदा वायू होऊन पुन्हा अन्न बनतो आणि मग माशापर्यंत येतो, असा हा फेरा आहे.

सर्वांत विचार करायला लावणारा नमुना रानतलावातल्या लाल अळ्यांचा. कायरोनोमस या माशीच्या या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या ऑक्सिजन नसलेल्या गाळातही तग धरतात. त्यांचा आकडा पानाच्या वा शेवाळाच्या कोणत्याही आकड्यापेक्षा बराच खाली आला. एवढा हलका कार्बन तलावात एकाच ठिकाणी मिळतो, तो म्हणजे मिथेन. गाळातला मिथेन खाणारे जीवाणू या अळ्या खात असल्या पाहिजेत. युरोपातल्या काही सरोवरांत अशा अळ्यांचा आकडा उणे ७० पर्यंत गेल्याचे ज्ञात आहे. मग मृगळ अळ्या खाते, अळ्यांच्या उडालेल्या माश्या चतुर आणि पाकोळ्या टिपतात, आणि गाळात तयार झालेला वायू असा पंख लावून पुन्हा रानात जातो.

२३ मार्च

पाणी उतरले आहे. रानतलावाच्या कडेला बांबू गाळात खुपसला की बुडबुड्यांची माळच वर येते. पाण्याने भरलेली बाटली नरसाळ्यावर उलटी धरून विद्यार्थ्यांनी तो वायू गोळा केला आणि संध्याकाळी, वारा पडल्यावर, बाटलीच्या तोंडाशी काडी धरली. फिकट निळी ज्योत क्षणभर बाटलीच्या गळ्यात खाली उतरली आणि विझली. आलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या काठी याच रीतीने दलदलीचा वायू, म्हणजे मिथेन, गोळा केला होता.

खोल सरोवरात तळाचा मिथेन वर येईपर्यंत मिथेनभक्षी जीवाणू त्यातला बराच भाग खाऊन टाकतात. गुडघाभर पाण्यात बुडबुड्याला वर यायला क्षणही लागत नाही आणि जीवाणूंना संधीच मिळत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात, वजनास वजन, मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो; म्हणून कार्बनच्या ताळेबंदात नगण्य दिसणारी ही बाब हवामानाच्या ताळेबंदात मोठी होते. उन्हाळ्यात तलाव आटताना नेमकी ही अवस्था लांबत जाते.

२४ एप्रिल

ऊसतलावातून गाळ उपसायला सुरुवात झाली. जेसीबी आणि ट्रॉल्यांची रांग लागली आहे. काही गाळ शेतात जातो, काही वीटभट्टीकडे. हिशेब केलाच पाहिजे असे वाटले.

एक टन ताजी मासळी घेतली तर तिच्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते आणि कोरड्या भागाच्या साधारण ४५ टक्के कार्बन. म्हणजे टनामागे ११० किलोच्या आसपास. एक ब्रास गाळ म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. कोरडे वजन घनमीटरमागे एक टन आणि सेंद्रिय कार्बन २ टक्के धरला, तर ब्रासमागे ५७ किलो कार्बन होतो. म्हणजे दोन ब्रास गाळ उचलला की एक टन मासळीएवढा कार्बन तलावाबाहेर गेला. ही गृहीतके आम्ही मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या बंद भट्टीत) ५५० अंशांवर गाळ जाळून, वजनातली घट पाहून तपासणार आहोत. पण आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी तुलना फिरणार नाही. ठेकेदाराच्या जाळ्यातून वर्षभरात जाते त्यापेक्षा जास्त कार्बन जेसीबीचा एक दिवस नेतो.

पुढे काय होते हे गाळ कुठे जातो त्यावर आहे. भट्टीच्या तापमानाला विटेतला सेंद्रिय कार्बन जवळजवळ संपूर्ण जळून जातो. शेतात पसरलेल्या गाळातला काही भाग नांगरटीनंतर लवकर कुजतो आणि काही मातीच्या कणांना धरून राहतो. गाळ काढणे थांबवा असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही, कारण गाळ काढला नाही तर तलावात पाणी उरणार नाही. पण ‘तलाव कार्बन साठवतो’ हे वाक्य आपल्या गावतलावांबद्दल वापरायचे असेल, तर किती वर्षांसाठी, हा शब्द त्यात आलाच पाहिजे.

१५ मे

रानतलावाच्या देवळाकडच्या कोपऱ्यात गाळाचे गाभे घेतले. तिथून गाळ काढायचा नाही असा गावाचा जुना दंडक आहे, आणि म्हातारी माणसे सांगतात की बहात्तरच्या दुष्काळात इतर सगळा तळ खणला तरी हा कोपरा सोडला होता. पीव्हीसी पाइप हाताने दाबून, वरचे तोंड रबरी बुचाने बंद करून वर काढला. वरचा भाग काळा आणि भुसभुशीत, मग राखाडी, मग एक बोटभर विटकरी पट्टा आणि त्याखाली पुन्हा राखाडी. विटकरी पट्टा एखाद्या मोठ्या पावसाचा की शेजारच्या खणण्याचा, हे आताच ठरवण्यात अर्थ नाही.

गाभ्याचे सेंटिमीटरभर जाडीचे काप केले आहेत. सर्वांत आधी शिसे-२१० ची मोजणी करायची असे ठरले. हवेतल्या रेडॉन वायूपासून तयार होऊन पावसाबरोबर खाली येणारे हे किरणोत्सारी शिसे २२.३ वर्षांनी निम्मे होते, त्यामुळे साधारण गेल्या शंभर-दीडशे वर्षांचा गाळ त्यावरून वयवार लावता येतो. आणि वरच्या थरांतच ते आढळले नाही, तर तो कोपराही कधीतरी खणला गेला होता असे समजावे लागेल. वय लागल्यावर कार्बन-१३ मोजायचा आणि त्यातून स्यूस परिणामाची वजावट करायची. जीवाश्म इंधनांच्या हलक्या कार्बनमुळे औद्योगिक काळापासून हवेचाच आकडा दर हजारी सुमारे २ ने खाली गेलेला आहे. ती वजावट न करता रान कमी-जास्त झाल्याचे निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल.

ऊसतलावाच्या पंचायतीशी बोलणे झाले. सांडव्यालगतचा एक पट्टा आमचे गाभे निघेपर्यंत तसाच ठेवायला त्यांनी मान्यता दिली आहे, आणि जेसीबीच्या चालकाला पट्ट्याची हद्द दिसावी म्हणून तिथे बांबू रोवून लाल कापड बांधले आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत ते गाभे काढायचे आहेत.